छतात लपलेली तार कोणाची?



आठवा वेतन आयोग, पेन्शन, रिक्त पदे, खासगीकरण असे मोठे विषय समोर असताना घरातला दिवा एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकवण्याची गोष्ट या पानावर कशाला, असे कोणी विचारील. विचारणे बरोबरच आहे. पण शाखेच्या कार्यालयात दररोज संध्याकाळी बसणाऱ्या माणसाला ठाऊक असते की वेतन आयोगाबद्दल विचारायला दहा जण येतात, तर क्वार्टरच्या तक्रारी घेऊन वीस जण येतात. त्यांत गळक्या छताच्या खालोखाल तक्रार असते ती दिव्याची. "साहेब, दिवा चुकीच्या जागी आहे."

ही तक्रार लहान नाही. आपली टाइप वन आणि टाइप टू क्वार्टरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना वेगळे सांगायला नको. खोलीच्या मध्यावर पंख्याचा हुक, बाजूच्या भिंतीवर एक ट्यूबलाइट आणि स्वयंपाकघरात दाराच्या वर एक होल्डर. ओट्याशी उभ्या राहिलेल्या बाईची पाठ दिव्याकडे असते, म्हणजे तिची सावली तिच्याच विळीवर आणि तव्यावर पडते. मुलाचे टेबल ज्या कोपऱ्यात मावते त्या कोपऱ्यात उजेड नसतो. नकाशा काढणाऱ्याने दिवा कोठे ठेवायचा ते ठरवले. तेथे राहणाऱ्याला कोणी विचारले नाही. रात्रपाळी करून आलेला गँगमन दिवसा त्याच खोलीत झोपतो आणि मुले दुसऱ्या टोकाला अभ्यासाला बसतात, हे त्या नकाशात कसे येणार?

तेव्हा दिवा सरकवण्याची मागणी न्याय्य आहे. प्रश्न आहे तो कसा सरकवला जातो याचा. तक्रारवहीत नोंद केली तर उत्तर येते, "तरतूद नाही", "हे दुरुस्तीत बसत नाही, हे नवीन काम आहे". दोन-तीन महिने वाट पाहून माणूस कंटाळतो आणि वसाहतीत कंत्राटदाराकडे काम करणाऱ्या एखाद्या पोराला गाठतो. शे-दोनशे रुपये, चहा, आणि रविवारच्या दुपारी काम उरकते. वर अट अशी की तार दिसता कामा नये. छतावरून पट्टी गेलेली आता कोणालाच आवडत नाही. शेजारच्या खासगी इमारतीत सगळे आतून असते, मग आपल्याच घरात पट्ट्या का, असे मुले विचारतात.

या "दिसता कामा नये" मध्येच सगळा धोका आहे.

जुन्या काळच्या वायरिंगला आपण नावे ठेवतो. सागवानी बॅटनवर पितळी क्लिपांनी बसवलेली रबरी तार, नाही तर लाकडी केसिंग-कॅपिंग. धूळ बसायची, झुरळे व्हायची, रंग देताना त्रास व्हायचा. पण एक गोष्ट होती. खोलीत पाऊल टाकताच डोळ्यांना कळायचे की तार कोठून निघाली, कोठे वळली, कोठे संपली. खिळा ठोकणारा दोन इंच बाजूला ठोकायचा. उंदराने कुरतडले तर दिसायचे, तार काळी पडली तर दिसायचे. निरक्षर बिगाऱ्यालाही ती वायरिंग वाचता येत होती.

नव्या बहुमजली क्वार्टरांत पाइप स्लॅब भरण्याआधीच सळयांच्या जाळ्यात टाकले जातात, डीप जंक्शन आणि फॅन बॉक्स जागच्या जागी बसवले जातात, मग काँक्रीट पडते आणि त्यानंतर स्प्रिंग घालून तारा ओढल्या जातात. ही पद्धत चांगली आहे. तार पाइपात सुरक्षित असते आणि खराब झाली तर ओढून बदलता येते. माझे म्हणणे लपवलेल्या वायरिंगविरुद्ध नाही. माझे म्हणणे आहे ते एकदा भरून झालेल्या, वीस-पंचवीस वर्षे जुन्या स्लॅबखाली मागाहून तार लपवण्याविरुद्ध.

साधा हिशेब पाहा. स्लॅब साधारण चार ते पाच इंच जाड. तिच्या खालच्या अंगाला सळई असते आणि सळईच्या खाली कवर म्हणून २० मिलिमीटरच्या आसपास काँक्रीट. त्याखाली छताचे प्लास्टर, तेही साधारण ६ मिलिमीटरच. आणि वायरिंगला नेहमी वापरात असलेला सर्वांत बारीक पाइप बाहेरून २० मिलिमीटरचा. म्हणजे तो प्लास्टरमध्ये मावत नाही. लपवायचाच म्हटला तर काँक्रीटमध्ये झिरी पाडत जवळजवळ सळईपर्यंत जावे लागते. भिंतीत झिरी पाडणे वेगळे, तेथे विटा आहेत. छतात झिरी पाडणे म्हणजे सळईचे पांघरूण काढणे. ओल आत शिरते, सळई गंजते, गंजून फुगते आणि काही पावसाळ्यांनंतर छताचे पोपडे खाली झोपलेल्या माणसाच्या अंगावर पडतात.

हे त्या पोरालाही कळते. कटरचे पाते सळईला लागले की ठिणग्या उडतात, आवाज बदलतो. मग तो सोपा मार्ग काढतो. पाइप सोडून देतो. प्लास्टर बोटभर खरवडतो, त्यात नुसती तार दाबतो, वरून पुट्टी फिरवतो आणि रंग मारतो. तार वाचावी म्हणून जवळचा रस्ता धरतो, म्हणजे एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे तिरकी. तीन तारांऐवजी दोनच टाकतो, कारण अर्थिंगची हिरवी तार नसली तरी दिवा लागतो. तार कमी पडली तर मध्येच पिळून जोड देतो, चिकटपट्टी गुंडाळतो आणि तीही पुट्टीखाली गाडतो. संध्याकाळी दिवा लागतो, घरातली माणसे खूश होतात. छत आरशासारखे गुळगुळीत दिसते.

काही वर्षांपूर्वी महाराष्ट्राबाहेरच्या एका जंक्शनच्या वसाहतीत असेच एक गुळगुळीत छत होते. क्वार्टर रिकामे झाले होते, नवीन माणूस राहायला येण्यापूर्वी रंगकामाचे कंत्राट चालू होते. विशीतला एक मुलगा लोखंडी घोडीवर अनवाणी उभा राहून, पाणी मारून ओले केलेले छत पत्र्याने खरवडत होता. पंखा काढला होता, पण मेन स्विच चालू होता, कारण बाजूच्या खोलीत उजेड हवा होता. पत्रा पुट्टीत घुसला आणि तारेला लागला. मुलगा चिकटला नाही, फेकला गेला. मांडीचे हाड मोडले. डोके फरशीवर आपटले नाही, म्हणून वाचला.

फ्यूज उडाला नाही. अनेकांना याचे आश्चर्य वाटते. पाच अँपिअरचा फ्यूज माणसाच्या अंगातून गेलेल्या विजेने उडत नसतो. माणसाचे हृदय बंद पाडायला अँपिअरचा लहानसा अंशही पुरतो. फ्यूज तारेला वाचवतो, माणसाला वाचवायला नसतो. माणसासाठी ३० मिलिअँपिअरवर तुटणारा आर.सी.सी.बी. लागतो, आणि तो त्या घरात नव्हता.

मग चौकशी झाली. त्या चौकशीत मी जे ऐकले ते आजही कानात आहे. वीज विभाग म्हणाला, ही तार आमच्या नोंदीत नाही, आमच्या वायरिंगमध्ये तेथे पॉइंटच नाही. आधीचा रहिवासी बदली होऊन चारशे किलोमीटरवर गेलेला, तो म्हणाला, मी आलो तेव्हाच दिवा तेथे होता. त्याच्या आधीचा सेवानिवृत्त, गावी गेलेला. रंगकामाचा कंत्राटदार म्हणाला, हा मुलगा माझा नाहीच. हजेरीपत्रक मागवले. त्या दिवशी कामावर चार माणसे होती हे आजूबाजूच्या बायकांनी सांगितले. हजेरीपत्रकावर नावे तीन होती.

तार कोणाची? कोणाचीच नाही. मुलगा कोणाचा? कोणाचाच नाही. छतात लपवलेली तार आणि हजेरीपत्रकातून लपवलेला कामगार, दोघांची गाठ पडली तेव्हा ती दोन्ही असल्याचे जगाला कळले.

आमच्यापैकीही काही जण म्हणाले की हा आपला सभासद नाही, कंत्राटी आहे, आपण कशाला पडायचे. हे शब्द लिहिताना मला लाज वाटते, पण लिहिले पाहिजेत. आम्ही पडलो. अर्ज केले, अधिकाऱ्यांच्या दारात बसलो, शेजाऱ्यांचे जबाब लिहून घेतले. कंत्राटदाराच्या माणसाला अपघात झाला तर मूळ मालकालाही जबाबदारी झटकता येत नाही, हे तत्त्व या देशात १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यापासून आहे, हे वारंवार दाखवून दिले. दोन महिन्यांनी कंत्राटदाराने त्या मुलाचे नाव मान्य केले आणि इस्पितळाचा खर्च दिला. पाय मात्र पूर्वीसारखा झाला नाही. आज तो स्टेशनबाहेर भाजी विकतो.

त्याच रात्री घरी आलो आणि स्वयंपाकघरात वर पाहिले. दोन वर्षांपूर्वी ओट्यावर उजेड पडावा म्हणून मीच दिवा सरकवून घेतला होता. काम करणाऱ्या पोराने मला स्पष्ट विचारले होते, "साहेब, पाइप टाकला तर दिसणार. दिसायला नको असेल तर तार तशीच पुट्टीत जाईल." मी म्हणालो होतो, "जाऊ दे, घरात सून यायची आहे." दर सभेत सुरक्षिततेवर बोलणारा सचिव मी, आणि माझ्याच छतात विनापाइपची, विनाअर्थिंगची तार. आठवड्याच्या आत ती उकरून काढली आणि छताच्या कडेने पांढरी केसिंग-कॅपिंग पट्टी मारून घेतली. पट्टी वाईट दिसेल म्हणून मी कचरत होतो. पत्नी म्हणाली, "ओट्यावर उजेड आहे ना? पट्टीकडे कोण बघतं?"

म्हणून प्रशासनाकडे बोट दाखवण्यापूर्वी आपल्याकडे तीन बोटे आहेत, हे मी कबूल करतो. परवानगीवाचून क्वार्टरमध्ये फेरबदल करायचे नाहीत हा नियम आपल्याला माहीत असतो. आपण तो मोडतो, आणि बदली झाली की आपली लपवलेली चूक दुसऱ्या कामगाराच्या डोक्यावर सोडून निघून जातो. आपल्यामागून त्या घरात येणारा कोण असतो? आपलाच भाऊबंद. पाळण्याचा हुक बसवायला तो छताला ड्रिल लावील, तेव्हा ती तिरकी तार कोठे आहे हे त्याला कोण सांगणार?

आता प्रशासनाबद्दल. मला राग येतो तो एका गोष्टीचा. लपलेल्या तारेचे काय करायचे हे रेल्वेला कोणी शिकवायला नको. सगळ्या जगाला शिकवावे इतके ते रेल्वेला येते.

डोक्यावरची २५,००० व्होल्टची तार घ्या. ती उघडी आहे, सर्वांना दिसते, तरीही परमिट टू वर्क हातात पडल्याशिवाय आणि कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग केल्याशिवाय तिला कोणी हात लावत नाही. परमिटवर वेळ, जागा आणि सही असते. काम संपले की परमिट परत करताना पुन्हा सही असते. जमिनीखालच्या सिग्नलच्या केबली घ्या. त्या दिसत नाहीत, म्हणून केबल मार्गाचा नकाशा असतो, जमिनीवर खुणेचे दगड असतात, आणि जे.सी.बी.ने खोदाई करायची तर सिग्नल, वीज आणि बांधकाम या विभागांनी आधी एकत्र ठरवावे यासाठी संयुक्त कार्यपद्धतीचा आदेश असतो. तो पाळला जात नाही तेव्हा केबल तुटते, सिग्नल जातात, गाड्या खोळंबतात आणि दुसऱ्याच दिवशी जाब विचारला जातो. कारण गाडी थांबली तर बातमी होते. रंगाऱ्याचा मुलगा घोडीवरून पडला तर होत नाही.

कागदावर न आलेली तार काय करू शकते, हे २ जून २०२३ ने देशाला दाखवले. ओडिशातील बालासोर जिल्ह्यात बहानगा बाजार स्टेशनवर झालेल्या अपघातात २९० हून अधिक माणसे गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीनंतर सरकारने संसदेत सांगितले की उत्तरेकडील सिग्नल गुमटीत पूर्वी केलेल्या सर्किटमधील फेरबदलात आणि फाटक क्रमांक ९४ चे इलेक्ट्रिक बॅरियर बदलण्याच्या कामात त्रुटी राहिल्या होत्या. जुलै २०२३ मध्ये तीन रेल्वे कर्मचाऱ्यांना अटक झाली. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील, मी त्यावर बोलत नाही. आणि स्वयंपाकघरातल्या दिव्याची तुलना एवढ्या मोठ्या अपघाताशी करण्याचाही माझा हेतू नाही. धडा तेवढा सारखा आहे. एकाने केलेला तारेतला बदल पुढच्या माणसाला कळला नाही, तर पुढचा माणूस आंधळेपणाने काम करतो. आणि अपघात झाला की शोध सुरू होतो तो शेवटी पाना-पकड ज्याच्या हातात होती त्याचा.

कोणी म्हणेल की घरातली वीज २३० व्होल्टची, तिच्यासाठी एवढा सोहळा कशाला? पण २३० व्होल्टने माणूस मरतो. विजेचे काम परवानाधारक कंत्राटदारानेच आणि सक्षमतेचा दाखला असलेल्या माणसाच्या देखरेखीखालीच झाले पाहिजे, हे तत्त्व १९५६ च्या भारतीय वीज नियमांतील ४५ व्या नियमात होते आणि केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१० च्या व २०२३ च्या विनियमांतही ते चालत आले. रेल्वेच्या कामांना सूट देण्याचा अधिकार त्या जुन्या नियमात केंद्र सरकारकडे ठेवलेला होता, असे अधिकारी सांगतात. असेल. सूट कागदाची असते, शॉकची नसते.

मग दिवा सरकवायचा तरी कसा? यात गूढ काही नाही. आपल्या वीज विभागातल्या कोणत्याही जुन्या फिटरला विचारा, तो दहा मिनिटांत सांगेल.

प्रथम मेन स्विच बंद करून फ्यूज काढून खिशात टाकायचा, किंवा एम.सी.बी. पाडून तिला कुलूप आणि पाटी लावायची. निऑन टेस्टरवर विसंबून न राहता टेस्ट लॅम्प लावून वीज नाही याची खात्री करायची. छतात जुना पाइप असेल तर जंक्शनचे झाकण उघडून स्प्रिंग घालून पाहायची. पुष्कळदा नव्या जागेच्या जवळपास जाणारा पाइप सापडतो आणि तोडफोड लागतच नाही. नसेल तर तीनच प्रामाणिक मार्ग आहेत. एक, भिंतीत सरळ उभी किंवा आडवी झिरी पाडून, पाइप टाकून दिवा छताऐवजी भिंतीवर योग्य उंचीला आणणे. दोन, छतावरून भिंतीला समांतर अशी केसिंग-कॅपिंग पट्टी नेणे. तीन, खोट्या छताची सोय असेल तर त्याच्या वर पाइप सॅडलने स्लॅबला पक्का बसवून नेणे. तेथेही मोकळी तार टाकायची नाही, आणि जोड असेल तेथे झाकण उघडता आले पाहिजे.

मार्ग कोणताही असो, तारा तीन. स्विचमधून येणारी फेज, न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंग. दिव्यासाठी दीड चौरस मिलिमीटर तांब्याची तार पुरते. स्विच फेजवर असावा. न्यूट्रलवर स्विच असेल तर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये वीज उभीच राहते. पाइपात जोड नको, जोड फक्त उघडता येणाऱ्या पेटीत. जुन्या जागेची टोके पुट्टीत गाडायची नाहीत, एक तर तार मुळापासून काढायची, नाही तर पेटीवर झाकण बसवायचे. शेवटी ५०० व्होल्टचा मेगर लावून वाचन घ्यायचे. ते एक मेगओहमच्या खाली असेल तर वीज सोडायची नाही. आणि हे सगळे प्लास्टर किंवा खोटे छत बंद होण्यापूर्वी दुसऱ्या जबाबदार माणसाने डोळ्यांनी पाहून सही करायची. बंद झाल्यावर केलेली तपासणी म्हणजे रंगाची तपासणी.

एवढे काम करायला माणूस लागतो, आणि खरी अडचण तेथेच आहे. पूर्वी वसाहतीत वीज विभागाचा फिटर आणि त्याच्याबरोबर खलाशी असे. खलाशी हे नाव जाऊन हेल्पर आले, हेल्पर जाऊन असिस्टंट आले, आणि नावे बदलता बदलता माणसे कमी होत गेली. तो फिटर वीस वर्षे त्याच वसाहतीत असायचा. कोणत्या क्वार्टरात कोणता पाइप कोठून गेला ते त्याच्या डोक्यात असायचे. तोच चालता-बोलता नकाशा होता. तो सेवानिवृत्त झाला, त्याचे पद भरले नाही, काम कंत्राटावर गेले. कंत्राट बदलते, कंत्राटदार बदलतो, पोरे बदलतात. कोणाच्याच डोक्यात काही उरत नाही आणि कागदावर तर कधी काही नव्हतेच. पद वाचवून पैसा वाचला असे हिशेबात दिसते. त्या पदाबरोबर गेलेले ज्ञान मात्र हिशेबात कोठेच दिसत नाही.

मी कंत्राटी पोरांच्या विरुद्ध नाही. त्यांचे हात कसबी आहेत. त्यांना शिकवले, हातमोजे दिले, टेस्ट लॅम्प दिला, हजेरीपत्रकावर नाव लिहिले, तर ती आपल्या फिटरइतकेच चांगले काम करतील. ज्याचे नाव कागदावर नाही त्याच्याकडून कागदावर नसलेले काम करून घेण्याच्या मी विरुद्ध आहे. ज्याला उद्या कोणी विचारणार नाही तो आज पाइप का टाकील? जबाबदारी हवी असेल तर आधी नाव लिहावे लागते.

म्हणून आपल्या सर्व शाखांनी, महाराष्ट्रातील असोत की बाहेरच्या, कॉलनी केअर कमिटीत आणि पी.एन.एम. बैठकीत पुढील मागण्या मांडाव्यात, असे मी सुचवतो.

१. दिव्याची जागा बदलण्याच्या अर्जाला चैनीचे काम न समजता दुरुस्तीचे काम समजावे आणि तो ठरलेल्या मुदतीत निकालात काढावा. ओट्यावर आणि अभ्यासाच्या जागेवर उजेड ही चैन नव्हे.

२. प्रत्येक क्वार्टरच्या मीटरबोर्डाच्या झाकणामागे त्या घराच्या वायरिंगचा साधा नकाशा चिकटवावा. फेरबदल झाला की तारीख आणि सहीसह त्यात भर घालावी. खर्च एका कागदाचा आहे.

३. क्वार्टर रिकामे करताना पंखे आणि दिवे मोजले जातात, तशीच वायरिंगची मेगर तपासणी व्हावी. नोंदीत नसलेला पॉइंट सापडला तर नवीन रहिवासी येण्यापूर्वी तो काढावा किंवा नियमात बसवावा.

४. रंगकाम, छताची दुरुस्ती किंवा तोडफोड सुरू करण्यापूर्वी वीज विभागाने त्या क्वार्टरची वीज तोडून तसे लेखी द्यावे. हे परमिट हाती नसेल तर कामगाराने घोडीवर चढू नये, आणि चढला नाही म्हणून त्याची हजेरी कापली जाऊ नये.

५. प्रत्येक क्वार्टरमध्ये ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. आणि चालू स्थितीतील अर्थिंग असावे.

६. वसाहतीच्या वीज दुरुस्तीची रिक्त पदे भरावीत. तोपर्यंत कंत्राटी कामगार असतील तर त्यांची रोजची नावासह हजेरी पर्यवेक्षकाने सही करून ठेवावी आणि तिची प्रत युनियनला पाहायला मिळावी.

आणि सातवी गोष्ट मागणी नाही, ती आपल्या सभासदांना विनंती आहे. ज्यांच्या घरात अशी लपवलेली तार आहे त्यांनी ती शाखेला कळवावी. आपण शिक्षा मागणार नाही, दुरुस्ती मागू. प्रशासनानेही अशा कबुलीवर दंडाची नोटीस काढू नये, नाही तर सगळे जण पुन्हा पुट्टी फिरवून गप्प बसतील. मी माझ्या घरापासून सुरुवात केली आहे आणि हे येथे छापून सांगतो आहे.

दिवा जरूर सरकवा. कामगाराच्या मुलाच्या वहीवर उजेड पडलाच पाहिजे. पण त्या उजेडाची किंमत पुढच्या बिऱ्हाडातल्या कोणी, किंवा घोडीवर अनवाणी उभ्या असलेल्या कोणी, आपल्या हाडांनी चुकवता कामा नये. तार छतात लपली तरी चालेल, कागदावर ती उघड असली पाहिजे. आणि ती टाकणाऱ्या हाताचे नावही तिच्याशेजारी लिहिलेले असले पाहिजे.

कामगार एकजूट झिंदाबाद!